गाडीचं सर्व्हिसिंग: काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

"गाडी वर्षभरात जेमतेम साडेतीन हजार चाललीय, एवढ्यात कशाला सर्व्हिसिंग?" आमच्या पार्किंगमध्ये हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की शेवटी हा लेख लिहायला बसलो. शेजारच्या काकांनी याच हिशोबाने ३ वर्षं ऑइल बदललं नव्हतं. मंडई, बँक आणि नातीला शाळेतून आणणं, एवढंच गाडीचं रनिंग. शेवटी मेकॅनिकने इंजिनाखालचा नट सोडला तेव्हा मी शेजारी उभा होतो. ऑइलची धार पडेना. काकवीसारखं ते लोंबत लोंबत खाली आलं.

कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल जास्त दिवस टिकतं, हा समज उलटा आहे. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरतं तापतच नाही. आत तयार झालेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून न जाता ऑइलमध्ये मुरत राहतं. म्हणून सर्व्हिसिंगची मुदत नेहमी 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते' अशी लिहिलेली असते. आपण वाक्याचा पहिला अर्धा भाग वाचतो आणि दुसरा सोडून देतो.

पुढचं सगळं पेट्रोलवर चालणारी साधी हॅचबॅक किंवा सेडान, आपले रस्ते आणि आपला पाऊस धरून लिहिलं आहे. सीएनजी आणि डिझेलचं वेगळं आहे तेवढं पुढे सांगितलं आहे.

## १. आधी मॅन्युअल उघडा, मग वही

डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात असलेलं मॅन्युअल बाहेर काढा. शेवटच्या पानांकडे सर्व्हिसिंगचं कोष्टक असतं. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये एक नेहमीच्या वापराचं आणि एक कठीण परिस्थितीतल्या वापराचं, अशी दोन कोष्टकं किंवा निदान तशी टीप असते. दुसरं कोष्टक आपल्यासाठी नाही असं समजून लोक पान उलटतात. पण कठीण वापर म्हणजे काय ते नीट वाचा: वारंवार छोट्या फेऱ्या, सिग्नलला थांबत-थांबत चालणं, धुळीचे रस्ते, सतत चढ-उतार. पुण्या-मुंबईत रोज ऑफिसला जाणारी गाडी असो, की गावात कच्च्या रस्त्यावर फिरणारी, दोन्ही यातच मोडतात.

आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना सुरुवातीच्या फ्री सर्व्हिस झाल्या की दर १०,००० किमी किंवा १ वर्ष ही मुदत असते. कठीण वापरात ऑइल आणि एअर फिल्टरची मुदत बऱ्याचदा निम्म्यावर येते. नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलमधला घ्यायचा, मित्राच्या गाडीचा नाही.

मग एक साधी वही गाडीत ठेवा. चार रकाने: तारीख, किलोमीटर, काय केलं, पुढे कधी. आजवरची बिलं शोधून मागच्या २ वर्षांच्या नोंदी भरा. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं याची नोंद सापडली नाही, तर ते कधीच बदललेलं नाही असं धरून चाला.

तपासा: ऑइलचा ग्रेड, म्हणजे पातळ-घट्टपणाची प्रत (५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० वगैरे) आणि ते किती लिटर लागतं, हे वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतलं का? गॅरेजमध्ये हाच कागद उपयोगी पडतो.

## २. मोठं सर्व्हिसिंग मे महिन्यात बसवा

गाडी दिवाळीत घेतली म्हणून सर्व्हिसिंगही दर दिवाळीला, असं आपसूक होत जातं. माझं स्पष्ट मत आहे की महाराष्ट्रात आणि गोव्यात वर्षाचं मोठं काम मेच्या मध्यापर्यंत उरकलेलं असावं. वायपर, टायर, ब्रेक, बॅटरी आणि दिवे या पाचांची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते. पहिला पाऊस पडला की सगळ्यांना एकदमच वायपर आठवतात आणि गॅरेजमध्ये गाड्यांची रांग लागते.

ठरलेली मुदत ऑगस्टमध्ये येत असेल तर एकदाच ती मेपर्यंत अलीकडे ओढा. अलीकडे ओढायची, पुढे ढकलायची नाही. वॉरंटीतल्या गाडीची मुदत चुकली तर पुढे क्लेमच्या वेळी वाद होतो.

दुसरी, छोटी तपासणी ऑक्टोबरमध्ये. गाडी लिफ्टवर घेऊन खालून धुवायची. चाकांच्या कमानींच्या आत साचलेला चिखल काढायचा, मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून आतले लायनर (ड्रमला घासून चाक थांबवणारे तुकडे) साफ करायचे आणि अलाइनमेंट (चाकांची सरळ रेष) तपासायची. गणपतीला कोकणात जाऊन आलेल्या गाडीला तर हे हवंच. खड्ड्यांनी अलाइनमेंट बिघडते आणि टायर एका बाजूने झिजतो. वरून पाहून ते लक्षात येत नाही, टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवला की कळतं.

## ३. दर रविवारची दहा मिनिटं

सकाळी, गाडी सुरू करण्याच्या आधी. हा क्रम का, तर रात्रभर उभ्या गाडीत सगळे द्रव खाली बसलेले असतात, टायर थंड असतात आणि काही गळत असेल तर डाग जमिनीवर दिसतो.

जमीन. खाली वाका. एसीचं स्वच्छ पाणी पडतंच, ते सोडून द्या. काळा-तपकिरी डाग ऑइलचा. हिरवट, गुलाबी किंवा निळसर आणि बोटाला चिकट लागला तर कूलंटचा (इंजिन थंड ठेवणारा द्रव).

टायर. हवा किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे; तेवढी हवा भरणं ही मला सर्वांत जास्त दिसणारी चूक. दुसरी चूक म्हणजे १५-२० किमी चालवून आल्यावर हवा मोजणं. तापलेल्या टायरमध्ये आकडा चढलेला दिसतो, मग हवा काढली जाते आणि थंड झाल्यावर टायर मऊ राहतो. गाडी निदान ३ तास उभी असताना मोजा. स्वतःचा प्रेशर गेज घ्या, महागडा लागत नाही. घराजवळचाच पेट्रोल पंप असेल तर एक-दोन किलोमीटरने फारसा फरक पडत नाही.

खाचांमध्ये जागोजागी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की खाच १.६ मिमी उरली असं समजायचं, आणि कायद्याने टायर तिथेच बाद. पावसाळ्याच्या तोंडावर मी तर ३ मिमीच्या खाली गेलेले टायर ठेवत नाही, कारण रस्त्यावरचं पाणी बाहेर फेकायला खाचच लागते. टायरचं वयही पाहा: डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, '२३२१' म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. आणि स्टेपनी! महिन्यातून एकदा तिचीही हवा मोजा. कशेडी घाटात पंक्चर झाल्यावर स्टेपनी बसलेली आहे हे कळून उपयोग नाही.

नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देण्याची गरज मला वाटत नाही. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो.

ऑइल. सपाट जागा हवी. उतारावरच्या पार्किंगमध्ये मोजलेलं माप खोटं. बॉनेट उघडा, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) ओढून काढा आणि पुसा. पुसायला जुन्या सुती साडीचा तुकडा चांगला. धागे सुटणारा बोळा नको. परत पूर्ण आत घाला, क्षणभर थांबा, सरळ बाहेर काढा आणि आडवी धरून वाचा. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते माप नाही, तो नळीला लागलेल्या ऑइलचा माखलेला डाग असतो.

ऑइल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये असलं की ठीक. खालच्या खुणेपाशी आलं असेल तर त्याच ग्रेडचं ऑइल २०० मिलीच्या हिशोबाने घाला, पाच मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. आख्खा लिटर एकदम ओतू नका. वरच्या खुणेच्या पुढे गेलेलं ऑइल आत घुसळून त्याला फेस येतो, आणि फेसाळ ऑइलने वंगण नीट होत नाही.

ऑइल काळं दिसतं म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. घाबरायचं ते दुधाळ रंगाला. डिपस्टिकवर दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळतंय. अशी गाडी सुरू करू नका, टो करून न्या. नुसत्या ऑइलच्या झाकणाच्या आतून थोडी साय दिसत असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर ते बहुधा छोट्या फेऱ्यांमुळे साचलेलं बाष्प. गाडी एकदा तासभर हायवेवर चालवून पुन्हा पाहा.

कूलंट. इंजिन थंड असताना, प्लॅस्टिकच्या टाकीवरच्या दोन खुणांमध्ये. दर महिन्याला घालावं लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. वरून भरत राहणं हा उपाय नव्हे. बोअरचं पाणी तर मुळीच नको, त्यातल्या क्षारांचा थर आत बसतो. वाटेत अडचणीत प्यायचं पाणी घालावं लागलं तर पोचल्यावर यंत्रणा धुऊन नवं कूलंट भरून घ्या.

> सावधान: तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, ते उकळत अंगावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, मग जाड फडकं धरून हळूहळू उघडा.

काच धुवायचं वॉशरचं पाणी, हॉर्न आणि दिवे हे दोन मिनिटांचं काम. ब्रेकचे दिवे पाहायला मदतीला कोणी नसेल तर गाडी भिंतीकडे पाठ करून लावा आणि आरशात पाहा.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर गाडी बंद करून साफ करा: सोडताना आधी ऋण टोक, जोडताना ऋण टोक शेवटी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, पुसून कोरडं, मग थोडं पेट्रोलियम जेली. आणि उभ्या गाडीची बॅटरी जगवायला रोज पाच मिनिटं नुसतं इंजिन चालू ठेवणं सोडा. त्याने बॅटरी पुरेशी चार्ज होत नाही आणि ऑइलमध्ये पाणी मात्र साचतं. आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी खरोखर चालवा.

## ४. कशाची मुदत किती

हे ढोबळ आकडे. मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर मॅन्युअल खरं.

- इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर: १०,००० किमी किंवा १ वर्ष. दोन्ही एकत्रच. नवं ऑइल जुन्या फिल्टरमधून फिरवू नका.
- एअर फिल्टर: दर ५,००० ते १०,००० किमीला झटकून पाहायचा, २०,००० ते ४०,००० किमीला बदलायचा. धुळीत लवकर. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका.
- एसीचा केबिन फिल्टर: वर्षातून एकदा. बहुतेक गाड्यांत समोरच्या कप्प्यामागे असतो आणि घरी बदलता येतो.
- पुढच्या-मागच्या टायरची अदलाबदल, अलाइनमेंट, बॅलन्सिंग: १०,००० किमी, जोराचा खड्डा बसला तर लगेच.
- स्पार्क प्लग: साधे २०,००० ते ४०,००० किमी. इरिडियमचे लाखाच्या आसपास जातात.
- वायपरची रबरं: दर मे. उन्हात वर्षभर वाळतात, झीज दिसो न दिसो.
- बॅटरी: ३ ते ५ वर्षं. तिसऱ्या वर्षापासून दर मेमध्ये लोडवर (ताण देऊन) तपासून घ्या.
- टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा-मिटवणारा पट्टा): फक्त ज्या गाडीत आहे तिला. साखळी असेल तर ठरलेली मुदत बहुधा नसते. बेल्ट असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्यापुढे एक दिवसही नको. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.

न मागता सुचवल्या जाणाऱ्या कामांबद्दल: एसीचा गॅस दरवर्षी भरायचा नसतो. ती बंद यंत्रणा आहे, गॅस कमी झाला म्हणजे गळती आहे. आधी गळती शोधायला सांगा. वेळेवर ऑइल बदलणाऱ्याला इंजिन फ्लशची (इंजिन आतून धुण्याची) गरज नाही. कसलीही तक्रार नसताना इंजेक्टर साफ करण्याचे पैसेही देऊ नका. तेच पैसे ब्रेकसाठी राखून ठेवा.

## ५. ब्रेक ऑइल: सगळ्यात जास्त दुर्लक्षित मुदत

ब्रेक ऑइल २ वर्षांनी किंवा ४०,००० किमीला बदलायचं असतं. पहिल्या मालकाकडून पाच-सहा वर्षांची गाडी घेतलेल्यांनी वही तपासावी. बहुतेकांच्या गाडीत कंपनीतून भरलेलंच ऑइल असतं.

हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं कोरडं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. ओलावा शोषलेल्यासाठी तीच किमान मर्यादा १५५ अंश. आता आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरताना काय होतं पाहा. वळणावळणाला ब्रेक, डिस्क भाजून निघते, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते. ओल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ऑइल बदलणं सर्व्हिसिंगच्या बिलातलं एक छोटं काम आहे, कृपा करून ते टाळू नका. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतो साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.

टाकीतली पातळी खाली गेली की लोक नुसतं वरून भरतात. बहुतेक वेळा ब्रेकचे पॅड (डिस्कला घासून चाक थांबवणारे तुकडे) झिजल्यामुळे ती उतरलेली असते. आधी पॅड पाहा. ३ मिमीच्या आसपास उरले असतील तर बदला. पातळी आपोआप वर येते. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं.

> सावधान: पावसात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला धरतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा.

सीएनजी असेल तर: सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर ३ वर्षांनी. तारीख सिलिंडरवरच्या पट्टीवर असते, ती वहीत लिहा. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर जास्त वेळा पाहावे लागतात. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नका, रोजचे पहिले काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. डिझेल असेल तर: डिझेल फिल्टरमधलं पाणी वेळच्या वेळी काढून टाका. बीएस-६ (सध्याचे प्रदूषण नियम पाळणाऱ्या) गाडीत धुराच्या नळीतला काजळीचा फिल्टर साफ व्हायला अधूनमधून सलग वीसेक मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवणं लागतं. नुसत्या गल्लीबोळातल्या फेऱ्यांसाठी डिझेल गाडी ठेवणं म्हणूनच महागात पडतं.

## ६. गाडी सर्व्हिसिंगला टाकताना

आदल्या दिवशी तक्रारी लिहून काढा, लक्षणाच्या भाषेत. 'सस्पेन्शन गेलंय' असं लिहू नका. 'स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून डावीकडे टकटक, थंडीत जास्त' असं लिहा. बिघाडाचं निदान तुम्हीच केलंत तर बदलला जाणारा पार्टही तुम्हीच ठरवून बसता.

आवाजाची तक्रार असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारा. मग जॉब कार्ड, म्हणजे गॅरेजचा कामाची नोंद करायचा कागद. त्यावर किलोमीटर, पेट्रोलचा काटा, आधीचे ओरखडे आणि तुमच्या तक्रारी एकेक करून लिहून घ्या. अंदाजे खर्च लेखी, आणि 'यापुढचं काम फोन करून विचारल्याशिवाय नाही' हेही तिथेच लिहा. बदललेले जुने पार्ट परत हवेत असं आधीच सांगा. नंतर मागितले तर भंगारात गेलेले असतात.

तपासा: मीटरचा फोटो काढला? डॅशबोर्डमधली कागदपत्रं, फास्टॅगचं कार्ड, देवाची मूर्ती, चार्जर, सगळं घेतलं?

## ७. ताब्यात घेताना आणि दुसऱ्या दिवशी

बिल भरायच्या आधी बॉनेट उघडून डिपस्टिक स्वतः पाहा. ऑइलचा ग्रेड बिलावर लिहिला आहे का ते वहीशी ताडून पाहा. जुना ऑइल फिल्टर हातात घ्या. गाडी सुरू करून दिवे, वायपर आणि एसी तपासा, आणि गॅरेजच्या आवारातच दोन-तीनदा ब्रेक दाबून पाहा. पॅड बदलल्यावर पहिले एक-दोन ब्रेक मऊ लागू शकतात. ते रस्त्यावर नको, आवारातच होऊ देत.

घरी आल्यावर इंजिनाखाली पुठ्ठा पसरून ठेवा. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजमधून आणलेल्या माझ्या गाडीखाली दुसऱ्या सकाळी पुठ्ठ्यावर रुपयाएवढा ओला डाग होता. ऑइलच्या नटाचं वॉशर बदललं नव्हतं, जुनंच परत लावलं होतं. वॉशर काही रुपयांचं, पण मी पुठ्ठा न ठेवता तशीच गाडी घेऊन सोलापूरला निघणार होतो. म्हणून तेव्हापासून कामाच्या यादीत 'ड्रेन वॉशर नवं' हे मी स्वतः लिहितो.

चाकं काढली गेली असतील तर ५०-१०० किमी झाल्यावर नट पुन्हा आवळून घ्या. आणि त्याच संध्याकाळी वही काढा. नोंद अशी हवी:

"१६ मे. ४२,३१० किमी. ऑइल ५डब्ल्यू-३०, ऑइल फिल्टर, ड्रेन वॉशर, वायपर बदलले. ब्रेक ऑइल बदललं, पुढचं २ वर्षांनी मेमध्ये. पुढचे पॅड ५ मिमी, ऑक्टोबरमध्ये पाहायचे. बॅटरी तिसरं वर्ष, लोडवर ठीक. पुढचं ऑइल ५२,३१० किंवा पुढचा मे, जे आधी होईल ते."